वाचनाचं 'तयार किट' शाळेत आलं, पण पोरगं वाचायला लागलं का? पैसे भरण्याआधी पालकांनी हे समजून घ्यावं

पहिला पाऊस पडला की गावात दोन गोष्टींची जाहिरात जोरात सुरू होते. एक बियाण्याची आणि दुसरी शाळेची. चौकातल्या फ्लेक्सवर लिहिलेलं असतं, 'परदेशी पद्धतीने वाचन', 'फोनिक्स किट मोफत', 'तीन महिन्यांत मूल फाडफाड वाचणार'. तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी शाळा किटचे पैसे फीमध्ये धरतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतही कुणी देणगीदार रंगीत कार्डांची पेटी देऊन जातो, तर कुठे टॅबमध्ये ॲप टाकून मिळतं. पालकसभेत पेटी उघडली जाते, फोटो निघतो, टाळ्या वाजतात.

पुढे वर्षभरानं घरात वेगळंच चित्र दिसतं. बाप बँकेचा मेसेज दाखवून म्हणतो, "वाच बरं काय आलंय." तिसरीतलं पोरगं मोबाईल हातात घेतं, दोन अक्षरं जुळवतं आणि बापाच्या तोंडाकडे बघत बसतं. किट तर आलं होतं. मग वाचन कुठे अडलं?

हा प्रश्न एका घराचा नाही. देशभरातल्या ग्रामीण मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालानुसार २०२४ मध्ये सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे शंभरातली सुमारे ७७ मुलं मागे. तिसरीनंतर गणित असो की परिसर अभ्यास, सगळं वाचूनच शिकायचं असतं. तिसरीत वाचन राहिलं की पुढचं सगळंच मागे पडत जातं. म्हणून हे तयार वाचन कार्यक्रम काय असतात, कुठे उपयोगी पडतात आणि कुठे नाही, हे पालकांनी एकदा नीट समजून घेतलेलं बरं.

वाचता येणं म्हणजे नेमकं काय?

वाचनात दोन कामं असतात. पहिलं, कागदावरची खूण बघून तिचा आवाज काढणं. 'क'ला वेलांटी दिसली की 'कि' म्हणायचं, 'डा' जोडायचं आणि 'किडा' वाचायचं. दुसरं, जे वाचलं ते कळणं. किडा म्हणजे कपाशीवर पडतो तो, हे डोक्यात उभं राहिलं पाहिजे.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये हे सोपं करून मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की वाचन हा या दोन कामांचा गुणाकार आहे. बेरीज नाही. त्यातलं एक शून्य असलं की उत्तर शून्यच. काही पोरं बाराखडी तालासुरात म्हणतात, पण गोष्टीत काय झालं ते सांगता येत नाही. काही पोरं गोष्ट ऐकून झकास सांगतात, पण पुस्तक समोर ठेवलं की गप्प बसतात. दोघांचंही वाचन अपुरं आहे. फक्त दोघांचं दुखणं वेगळं, म्हणून औषधही वेगळं लागतं.

'संतुलित पद्धत' म्हणजे काय?

मुलांना वाचायला कसं शिकवावं यावर अमेरिकेत शंभर वर्षांहून जास्त काळ भांडण चालू आहे. एक बाजू म्हणते, आधी अक्षर आणि आवाज पक्के करा. दुसरी बाजू म्हणते, मुलांना चांगल्या गोष्टींची पुस्तकं द्या, वाचता वाचता ती शिकतील. १९९० च्या दशकात यावर तोडगा म्हणून 'बॅलन्स्ड लिटरसी' हे नाव पुढे आलं. मराठीत त्याला संतुलित साक्षरता म्हणता येईल. दोन्ही बाजूंचं चांगलं ते घ्यायचं, अशी त्यामागची कल्पना.

आपल्याकडेही हा विचार आला आहे. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केलं. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला २०२६-२७ पर्यंत समजून वाचता यावं, हे त्याचं लक्ष्य. पुढे २०२२ मध्ये लहान मुलांच्या शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्यात भाषेच्या तासाचे चार भाग सांगितले आहेत:

१. बोलणं-ऐकणं: गोष्ट, गाणी, गप्पा, नवे शब्द.
२. अक्षर-आवाज आणि शब्द ओळखणं.
३. पुस्तक वाचणं: आधी बाईंसोबत, मग जोडीने, मग एकट्याने.
४. लिहिणं: नुसतं उतरवून काढणं नाही, तर मनातलं लिहिणं.

जेवणाच्या ताटाचं उदाहरण घ्या. भाकरी, भाजी, डाळ, कांदा सगळं लागतं. नुसत्या भाकरीवर पोर वाढत नाही आणि भाकरीशिवाय पोट भरत नाही.

तयार कार्यक्रम किती प्रकारचे?

बाजारात मिळणाऱ्या वाचन कार्यक्रमांचे साधारण चार प्रकार आहेत.

पहिला प्रकार अक्षर-आवाजाच्या किटचा. इंग्लंडमध्ये तयार झालेलं 'जॉली फोनिक्स' आपल्याकडच्या बऱ्याच इंग्रजी शाळांत वापरलं जातं. इंग्रजीत अक्षरं २६, पण आवाज त्याहून बरेच जास्त. त्यातले ४२ आवाज हातवारे आणि गाण्यांतून शिकवतात. दुसरा प्रकार पूर्ण संचाचा. त्यात पाठ्यपुस्तक, सरावाची वही, चाचण्या आणि शिक्षकाने कोणत्या दिवशी काय करायचं याची पुस्तिका असते. तिसऱ्या प्रकारात सोप्यापासून अवघडपर्यंत पायऱ्या लावलेली गोष्टींची पुस्तकं मिळतात. चौथा प्रकार मोबाईल-टॅबवरच्या ॲपचा.

आता हे चार प्रकार वरच्या चार भागांशी ताडून बघा. फोनिक्स किट मुख्यतः दुसरा भाग सांभाळतं. पुस्तकांचा संच तिसरा भाग. ॲप बहुतेक वेळा दुसरा आणि थोडा तिसरा. बोलणं आणि मनातलं लिहिणं यासाठी समोर माणूसच लागतो. विकणारा मात्र एकाच पेटीत सगळं वाचन आल्यासारखं सांगतो. गडबड इथूनच सुरू होते.

अमेरिकेत काय झालं?

तयार संचांचा सर्वात मोठा अनुभव अमेरिकेचा आहे. तिथल्या चार गोष्टी आपल्या उपयोगाच्या.

गोष्ट पहिली, १९६७ ची. तिथे पहिलीच्या वर्गांवर एक मोठा अभ्यास झाला. २७ ठिकाणी वेगवेगळ्या पद्धती आणि संच वापरून बघितले. गाय बाँड आणि रॉबर्ट डायकस्ट्रा यांनी १९६७ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. सगळ्या वर्गांत सरस ठरेल असा एकही संच निघाला नाही. तोच संच एका वर्गात चांगला चालला, तर दुसऱ्या वर्गात पडला. संचापेक्षा शिकवणाऱ्यामुळे जास्त फरक पडत होता. मात्र नेहमीच्या पुस्तकाला अक्षर-आवाजाच्या पद्धतशीर शिकवणीची जोड दिली, तिथे नुसत्या पुस्तकापेक्षा बरं काम झालं.

गोष्ट दुसरी, 'रीडिंग फर्स्ट'ची. २००० मध्ये तिथल्या राष्ट्रीय वाचन समितीने पाच गोष्टी महत्त्वाच्या सांगितल्या: आवाज ओळखणं, अक्षर-आवाजाचं नातं, ओघाने वाचणं, शब्दसंपत्ती आणि आकलन. मग सरकारने 'रीडिंग फर्स्ट' नावाची योजना आणली. वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलर खर्च सुरू झाला. शाळांनी धडाधड तयार संच घेतले. २००६ मध्ये शिक्षण खात्याच्याच महानिरीक्षकांच्या अहवालात योजनेच्या कारभारावर ताशेरे आले. ठराविक कार्यक्रमांकडे राज्यांना वळवलं गेलं आणि हितसंबंधांकडे दुर्लक्ष झालं, असं त्यात निघालं. २००८ मध्ये योजनेच्या परिणामांचा शेवटचा अहवाल आला. पहिलीच्या मुलांचं अक्षर जुळवणं सुधारलं होतं. पण पहिली ते तिसरीच्या मुलांच्या आकलनात म्हणण्यासारखी वाढ नव्हती. म्हणजे गुणाकारातली एक बाजू वाढली, दुसरी जागच्या जागी राहिली.

गोष्ट तिसरी, न्यूयॉर्कची. न्यूयॉर्क शहराने २००३ मध्ये बहुतेक शाळांत संतुलित पद्धत आणली. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या लुसी कॅल्किन्स यांचा कार्यक्रम तिथे खूप चालला. त्यांचा संच 'युनिट्स ऑफ स्टडी' देशभर विकला गेला. मुलांनी आवडीची पुस्तकं निवडावीत, भरपूर वाचावं-लिहावं, असा त्यात भर होता. हेतू चांगला. पण अक्षर-आवाजाचं काम कमी पडलं, अशी टीका वाढत गेली.

त्या काळच्या अनेक वर्गांत एक सवय होती. शब्द अडला की मुलाला सांगायचं, चित्र बघ, वाक्यात काय बसतं ते बघ आणि अंदाज कर. आपल्या भाषेत सांगायचं तर चित्रात घोड्याचं पिल्लू आहे, खाली 'शिंगरू' लिहिलंय आणि पोरगं चित्र बघून म्हणतं 'घोडा'. बाई म्हणतात, "छान, अर्थ बरोबर आहे." पण पोरगं वाचलंच नाही, त्यानं ओळखलं. पहिली-दुसरीत हे खपून जातं. चौथीत चित्रं कमी होतात आणि मग पितळ उघडं पडतं.

२०२२ मध्ये पत्रकार एमिली हॅनफोर्ड यांनी या सगळ्यावर 'सोल्ड अ स्टोरी' ही ऐकण्याची मालिका केली आणि देशभर चर्चा पेटली. त्याच वर्षी कॅल्किन्स यांनी आपल्या संचात बदल केले. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहराने प्राथमिक शाळांना ठरवून दिलेल्या तीन संचांपैकी एक घेणं बंधनकारक करायचं जाहीर केलं. त्याच वर्षी टीचर्स कॉलेजने कॅल्किन्स यांचा तो प्रकल्प बंद करण्याचा निर्णय घेतला. नावात 'संतुलित' होतं, पण ताटात भाकरीच कमी पडली होती.

गोष्ट चौथी, मिसिसिपीची. हे अमेरिकेतलं गरीब राज्य. चौथीच्या वाचनात शेवटच्या नंबरांत असायचं. २०१३ मध्ये तिथे वाचनाचा कायदा झाला. शिक्षकांना अक्षर-आवाज कसा शिकवायचा याचं लांब पल्ल्याचं प्रशिक्षण दिलं. हे प्रशिक्षणही बाजारातून घेतलेलंच होतं. मागे पडलेल्या शाळांत वाचनाचे मार्गदर्शक पाठवले. लहान वर्गांतल्या मुलांची वर्षातून तीनदा तपासणी सुरू केली. तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलांना त्याच वर्गात थांबवण्याची तरतूदही केली. त्यावर वाद आहेत. पण राष्ट्रीय चाचणीत राज्याच्या चौथीच्या मुलांचे सरासरी गुण २०१३ मध्ये २०९ होते, ते २०१९ मध्ये २१९ झाले आणि देशाच्या सरासरीला पोचले.

चारही ठिकाणी बाजारातल्या वस्तू होत्याच. फरक पडला तो दोन प्रश्नांमुळे. शिकवणाऱ्याला ती वस्तू कशासाठी वापरायची हे माहीत होतं का? आणि मूल कुठे अडलंय हे कुणी वेळोवेळी तपासत होतं का?

आपल्या वाडा तालुक्यातही तपासणी झाली

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं वाटत असेल तर जवळचं बघू. २०१३ ते २०१६ या काळात पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात मराठी वाचायला शिकणाऱ्या आणि कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा सलग अभ्यास झाला. तेव्हा सुरुवातीला वाडा ठाणे जिल्ह्यातच होता. अभ्यासक शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीपर्यंत मुलांचा माग ठेवला. २०१७ मध्ये अहवाल आला.

त्यांना दिसलं ते गावातल्या माणसाला नवं नाही. वर्गाचा बराच वेळ अक्षरं गिरवण्यात, फळ्यावरचं उतरवण्यात आणि एका सुरात म्हणण्यात जात होता. अर्थाकडे, गप्पांकडे, मनातलं लिहिण्याकडे कमी लक्ष होतं. तिसरी संपत आली तरी बऱ्याच मुलांना साधा मजकूर वाचता येत नव्हता. अहवालाचा सल्लाही संतुलित, सर्वांगीण पद्धतीचाच होता. अक्षरं नीट शिकवा आणि त्याच काळात गोष्ट, वाचन, लेखनही चालू ठेवा.

अमेरिकेत भाकरी कमी पडली होती, आपल्याकडे भाकरीच्या नावाखाली नुसतं पीठ मळणं चालू होतं. म्हणून तिकडचं औषध जसंच्या तसं इकडे लागू पडत नाही.

तयार किट आपल्या शाळेत कुठे अडतं?

लिपीवर. इंग्रजीची अडचण अशी की एकाच अक्षराचे अनेक आवाज होतात. मराठीत अक्षर आणि आवाज बहुतेक जुळतात, पण खुणा भरपूर. तीसच्या वर व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या आसपास रूपं आणि वर जोडाक्षरं. इंग्रजी किटचं नुसतं भाषांतर करून मराठी शिकवता येत नाही. मराठीत चांगली पद्धत अशी की थोडी व्यंजनं आणि दोन-तीन मात्रा सोबत घ्यायच्या आणि लगेच शब्द करायचे. म, क, ल, र आणि काना एवढं आलं की 'माल', 'काका', 'लाकर', 'मामा', 'कमाल' असे शब्द जुळवता येतात. त्यात 'लाकर'ला अर्थ नाही, हेही मुलानेच वाचून ओळखायचं. सगळी बाराखडी संपेपर्यंत एकही वाक्य न वाचणारं मूल कंटाळून जातं.

वर्गावर. किटच्या पुस्तिकेत एक वर्ग, एक शिक्षक धरलेला असतो. आपल्याकडे वाडीवरच्या शाळेत दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग. पहिलीला किटचा धडा चालू असतो, तेव्हा तिसरी काय करणार?

दिवसांवर. पुस्तिकेत दिवस मोजलेले असतात. आज दिवस २३, उद्या २४. पण ऊसतोडीच्या गावांतली पोरं दिवाळीच्या सुमारास आई-बापाबरोबर जातात आणि उन्हाळ्यात येतात. सुगीत काही दिवस दांड्या पडतात. मूल परत येतं तेव्हा वर्ग पार पुढे गेलेला असतो. किट त्याच्यासाठी मागे येत नाही. मागे यायचं काम गुरुजींनाच करावं लागतं.

घरच्या बोलीवर. घरी अहिराणी, वारली, गोरमाटी, कोरकू किंवा गोंडी बोलणारं मूल पुस्तकातला शब्द अक्षरं जुळवून वाचेलही, पण तो शब्दच त्यानं ऐकलेला नसेल तर कळणार काय? इथे कार्डाचा उपयोग नाही. आधी त्या शब्दावर घरच्या बोलीत बोलणं झालं पाहिजे.

मग किट घ्यायचंच नाही का?

तसंही नाही. चांगलं किट नवख्या शिक्षकाला क्रम देतं. कोणतं अक्षर आधी, कोणतं नंतर, सराव किती, याचा विचार आधीच केलेला असतो. रंगीत गोष्टींची पन्नास पुस्तकं वर्गात आली तर ती कुणाला नकोत? प्रश्न ते कुठे बसवायचं एवढाच आहे.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कंपनीचं खताचं वेळापत्रक भिंतीवर लावायला छान असतं. पण माती तपासली नसेल तर पालाश कमी असलेल्या रानात युरियाच पडत राहतो. वाचनातही आधी माती परीक्षण.

शाळेत किट आलंच असेल तर ते असं वापरता येतं:

१. आधी प्रत्येक मुलाची पातळी बघा. अक्षर येतं का, शब्द येतो का, चार ओळी वाचतो का, गोष्ट वाचतो का. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. 'असर'ची चाचणी अशीच असते.

२. इयत्तेपेक्षा पातळीचे गट करा. 'प्रथम' संस्थेने ही पद्धत अनेक राज्यांत वापरली आहे. रोज थोडा वेळ तिसरी-चौथीची अक्षरावर अडलेली मुलं एकत्र, शब्दावर अडलेली एकत्र. बहुवर्ग शाळेला तर हे सोयीचंच.

३. किटला त्याचा एकच भाग द्या. अक्षर-आवाजाचं किट असेल तर ते दुसऱ्या भागापुरतं. बाकीच्या वेळेत गोष्ट सांगणं, पुस्तक वाचणं, लिहिणं चालूच राहिलं पाहिजे. किटमुळे गोष्टीचा तास बंद झाला असेल तर तो तोटा आहे.

४. दिवसाच्या आकड्यामागे धावू नका. दिवस १० चं समजलं नसेल तर ११ ला जाऊन फायदा नाही.

५. दर सहा-आठ आठवड्यांनी परत तपासा. फरक पडत नसेल तर पद्धत बदला. पेटी महाग होती म्हणून ती चालवत राहणं, हा पोराच्या वर्षाशी खेळ आहे.

पालकांनी विचारायचे सहा प्रश्न

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे समिती ही सही करण्यापुरती नाही. किट किंवा ॲपचा विषय सभेत आला की हे विचारा. खासगी शाळेत फी भरतानाही हेच विचारता येतं.

१. हे किट वाचनाचा कोणता भाग शिकवतं? उरलेले भाग कधी आणि कोण शिकवणार?
२. हे मराठीसाठी बनवलंय की इंग्रजीवरून उतरवलंय?
३. शिक्षकांना प्रशिक्षण किती दिवसांचं आहे? नंतर वर्गात येऊन कुणी मदत करणार आहे का?
४. दोन-तीन वर्ग एकत्र बसतात तिथे ते कसं चालवायचं?
५. महिना-दोन महिने गैरहजर राहिलेल्या मुलाचं काय?
६. मुलं पुढे गेली की नाही, हे कोण तपासणार? विकणारा स्वतःच की शाळा?

शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. विकणाऱ्यानेच दिलेलं प्रमाणपत्र आणि शाळेने केलेली तपासणी यात फरक आहे. आणि हे प्रश्न गुरुजींना कोंडीत पकडायला नाहीत. बऱ्याचदा किट वरून आलेलं असतं, गुरुजींना कुणी विचारलेलंही नसतं. पालकांनी विचारलं तर त्यांनाही केंद्रप्रमुखांपुढे बोलायला जोर येतो.

घरी पाच मिनिटांत तपासा

यासाठी आई-बाप शिकलेले असलेच पाहिजेत असं नाही. पहिल्या दोन गोष्टींसाठी घरातलं मोठं भावंड किंवा शेजारचं कॉलेजचं पोरगं चालेल.

- पुस्तकातलं चित्र हाताने झाका आणि खालची ओळ वाचायला सांगा. चित्र झाकल्यावर अडत असेल तर मूल वाचत नव्हतं, ओळखत होतं.
- पाठ नसलेलं काही द्या. खताच्या पिशवीवरची ओळ, एसटीची पाटी, लग्नपत्रिका. धडा पाठ असला तर तो वाचल्यासारखा वाटतो, पत्रिका पाठ नसते.
- वाचून झालं की विचारा, "काय सांगितलंय यात? तुझ्या शब्दांत सांग." सांगता आलं तर वाचन पूर्ण झालं.

'निपुण'च्या लक्ष्यानुसार दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द समजून वाचावेत. घड्याळ लावून मुलाला धाक दाखवायचं कारण नाही. पण तिसरीतलं मूल मिनिटाला दहा शब्दांवर अडत असेल, तर परीक्षेची वाट न बघता गुरुजींना भेटा.

ज्या घरात स्मार्टफोन आहे तिथे पैसे न भरताही काही मिळतं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टींची पुस्तकं मोफत आहेत. गूगलचं 'रीड अलाँग' हे ॲप, जे २०१९ मध्ये 'बोलो' नावाने आलं होतं, मुलाचं वाचन ऐकतं आणि शब्द चुकला की सांगतं. तेही मोफत आहे आणि मराठीत चालतं. पण त्यालाही वरचाच नियम. ॲप चूक दाखवेल, पण शिंगरू मोठं झाल्यावर काय होतं ही गप्पा मारायला घरातलंच माणूस लागतं.

शाळेच्या कपाटात एखादी पेटी फोटोनंतर तशीच बंद पडून असेल, तर पुढच्या सभेत ती बाहेर काढायला सांगा. पुस्तकं असतील तर मुलांच्या हातात जाऊ द्या, कार्डं असतील तर गटात वाटू द्या. आणि सभा संपवून घरी आलात की पोराला जवळ बसवून एकदा चित्र झाकून वाचायला सांगा. किट चाललं की नाही, ते तिथेच कळेल.